टेक्सासची पालथी टेकडी

आमचं शुगर लँड किती सपाट आहे हे खरं खरं सांगितलं तर लोक मला थापाड्या म्हणतात, म्हणून मी नेहमी थोडं कमी करूनच सांगतो. इथे अंगणात ठेवलेला दिवाळीचा लाडू होळीपर्यंत जागचा हलत नाही. पाऊस पडला की पाणी रस्त्यात उभं राहून विचार करतं, की आता जायचं कुठे? कोणीतरी बोट दाखवेपर्यंत ते निघत नाही. ह्यूस्टनच्या दिशेला हायवेचा एक उंच उड्डाणपूल आहे, तो आमचा घाट. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम त्यावरून नेतो आणि वर पोचताना सांगतो, "कानात दडे बसतील हां, घाबरू नका."

अशा गावात माझ्या सासूबाई आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, साडी थोडी वर खोचून, पायात बूट चढवून दारात उभ्या राहिल्या.

"जावईबापू, चढ कुठंय?"

सासूबाई साताऱ्याच्या. एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. रोज पहाटे किल्ला चढायचा आणि वरून सगळ्या गावाची हजेरी घेऊन खाली यायचं, ही त्यांची कैक वर्षांची सवय. त्यांचं म्हणणं असं, की सपाटीवर त्यांचे गुडघे कुरकुरतात आणि चढावर गप्प बसतात. शरीरशास्त्रात हे बसत नाही. माझी बायको डॉक्टर आहे, तिने आईला तसं समजावूनही सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुझं शास्त्र माझ्या गुडघ्यांना सांग. मला कशाला सांगतेस?"

शेवटी चढ सापडला तो बायकोच्या हॉस्पिटलात. तिथे गाड्यांसाठी बहुमजली पार्किंग आहे, गोल गोल वर जाणारं. सासूबाई तिथे रोज सकाळी चढायला लागल्या. मी मागून, धापा टाकत. गच्चीवर पोचलं की त्या कठड्याला टेकून चारही दिशांना बघायच्या. चारही दिशांना घरांची छपरं, त्यांच्यामागे घरांची छपरं, आणि क्षितिजावर पाण्याची टाकी. एकदा तिथल्या रखवालदाराने मोठ्या काळजीने विचारलं, "मॅडम, तुमची गाडी सापडत नाहीये का?"

"नो, नो," सासूबाई म्हणाल्या. "आय अ‍ॅम ट्रेकिंग."

तेव्हापासून तो त्यांना सलाम ठोकायचा. (मी असं सांगतो, की पुढे त्याने मला सासूबाईंचा तंबू ठोकायला गच्चीवरची रिकामी जागा दाखवली. ते सोडून द्या.)

आता खरी गोष्ट. सासूबाईंना दोन मुली. थोरली इंग्लंडच्या दक्षिणेला, धाकटी म्हणजे माझी बायको. सासूबाई आजवर वर्षात दोन्हीकडे यायच्या. पण या वेळी आल्या त्या जाहीर करूनच, की आता एवढी विमानं झेपत नाहीत. यापुढे वर्षातून एकच प्रवास, एकाच मुलीकडे. कोणाकडे, ते त्या परत जाण्याआधी सांगणार होत्या.

मला त्या आमच्याकडे हव्या होत्या. आता जावयाने सासूसाठी जीव टाकावा, यावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण कारण स्वार्थी आहे. आमच्या घरात माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारं दुसरं माणूस नाही. बायको पहिल्या वाक्यालाच कपड्यांच्या घड्या करायला उठते. मुलगी कॉलेजातून सुट्टीला येते तेव्हा तिसऱ्या वाक्याला म्हणते, "बाबा, दॅट्स नॉट इव्हन पॉसिबल." सासूबाई मात्र हनुवटीवर हात ठेवून ऐकतात, मान डोलावतात, आणि मी थांबलो की म्हणतात, "आणि तो उंट? त्याचं काय झालं?" गोष्टीत उंट नसतोच. मग मला तो आणावा लागतो. असा श्रोता सोडायचा म्हणजे काय!

अडचण होती ती माझ्या साडूची. साडू दातांचे डॉक्टर. त्यांचं घर आहे खडूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी. हो, खडूच्याच. सासूबाई त्या टेकड्यांबद्दल बोलायला लागल्या की त्यांचा आवाजच बदलायचा.

"आपल्याकडे डोंगर म्हणजे काळा. कातळ. तिकडे कोणीतरी डोंगर आतून पांढरा भरलाय आणि वरून गवत घातलंय. मेंढ्यांनी खाऊन खाऊन ते गवत गालिच्यासारखं झालंय. माणसांच्या पायांनी जिथे झिजलं, तिथे खालून पांढरी वाट वर येते. एका बाजूने छातीवर येणारा चढ, आणि दुसऱ्या बाजूला उतार इतका हळू, की आपण उतरतोय हे चहाची तल्लफ आल्यावरच कळतं. दऱ्या आहेत, पण दरीत नदी नाही! पाणी सगळं खडू पिऊन टाकतो आणि पायथ्याशी झऱ्यातून परत देतो. काही ओढे तर फक्त हिवाळ्यात वाहतात. आणि त्या पांढऱ्यात मधूनच काळ्या गारगोट्यांच्या रांगा. वहीतल्या ओळींसारख्या."

मग त्या जे सांगायच्या, ते ऐकून मला साडूंचा हेवा वाटायचा.

"मी आयुष्यभर खडू हातात धरला, जावईबापू. आणि तो खडू नव्हताच. शाळेतला खडू जिप्समचा असतो. वर्गात तासभर उडायची, केसांत बसायची, डब्यातल्या पोळीवर बसायची, ती धूळ भलतीच होती. खरा खडू मी पहिल्यांदा बघितला तो निवृत्त झाल्यावर, त्या टेकडीवर. वाकून उचलला. नखाने खरवडला. समुद्रातल्या बारीक शेवाळाची कवचं ती, डोळ्यांना न दिसणारी, कोट्यवधी वर्षं तळाशी साचलेली. मी तो कोट्यवधी वर्षांचा तुकडा बोटांत धरला तो आपोआप लिहायलाच धरतात तसा."

साडूंना हे सगळं माहीत होतं आणि ते त्याचा पुरेपूर फायदा घेत होते. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज एक फोटो. हिरवी टेकडी, पांढरी वाट, वर निळं फुलपाखरू. खाली लिहिलेलं, "सुप्रभात आई! वाट बघतेय तुमची." म्हणजे वाट ही वाट बघतेय! दातांचा डॉक्टर आणि एवढं काव्य. मी प्रत्युत्तर म्हणून आमच्या घरामागच्या नाल्याचा फोटो टाकला, त्यात एक बगळा होता. बायको म्हणाली, "बगळ्याचं तोंड बघ, तोही कंटाळलाय."

एका रविवारी साडू व्हिडिओ कॉलवर होते. सासूबाई चहा पीत होत्या. साडू हसले, अत्यंत पांढरं, आणि म्हणाले, "काय साडूभाऊ, तुमच्याकडे सगळं मोठं असतं म्हणे. टेकडी केवढी आहे?"

आणि माझी जीभ सुटली. "खडूचं म्हणताय? अहो, टेक्सासात खडू किती आहे माहितीये का? मेक्सिकोच्या सरहद्दीपासून निघतो तो डॅलसच्या पुढे जातो. मी रोज त्याच्याच जिवावर पोट भरतो! आमचा खडू तयार करून जे उरलं, ते समुद्राने इंग्लंडला पाठवलं. टेकड्या तर अशा, की ढगांना डायव्हर्जन घ्यावं लागतं."

यातला पोट भरण्याचा भाग शंभर टक्के खरा. मी तेलाच्या विहिरी खोदणारा इंजिनिअर. टेक्सासच्या पोटात खडूचा एक प्रचंड थर आहे, ऑस्टिन चॉक म्हणतात त्याला. इंग्लंडातला खडू साचला त्याच युगातला. त्याच्या भेगांत तेल असतं आणि आम्ही आडव्या विहिरी खोदून त्या भेगा गाठतो. आमच्या शुगर लँडच्याही खाली तो आहे, काही मैल खोल. पण मी तो पाहिला होता पडद्यावरच्या वेड्यावाकड्या रेषांत आणि विहिरीतून आलेल्या चुऱ्यात. ज्या खडकाने मला घर दिलं, तो उन्हात कसा दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं. आम्हा खाली बघणाऱ्यांचं हे असंच असतं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "मग दाखवा की. मला खडूची टेकडी दाखवलीत, तर पुढल्या वर्षी इथे येते. नाही दाखवलीत, तर इंग्लंड."

फोनमध्ये साडूंचे सगळे दात दिसले.

मी भूस्तरांचा नकाशा काढला. नकाशावर खडूचा पट्टा ऑस्टिनच्या उत्तरेला जमिनीवर येत होता, अगदी स्पष्ट, हिरव्या रंगात. तिथे उंचवट्याच्या रेषाही जवळ जवळ होत्या, म्हणजे चढ. मी खुशीत टेबलावर थाप मारली. नकाशा कधी खोटं बोलत नाही. फक्त त्या हिरव्या रंगावर माणसांनी काय काय बांधून ठेवलंय, हे भूस्तरांचा नकाशा सांगत नाही, आणि ते विचारायचं मला सुचलं नाही. मी जन्मभर वरचं सगळं सोडून खालचंच बघत आलेला माणूस.

शनिवारी निघालो. बायकोची ड्यूटी होती. मुलगी सुट्टीला आलेली, ती गाडी चालवत होती. मागे सासूबाई, मांडीवर पोह्यांचा डबा आणि वेगळ्या डबीत लिंबाच्या फोडी. वाटेत कुरणांमधून तेलाचे पंप दिसायला लागले, मान खालीवर करणारे.

"हे काय हो करतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"खडू पितायत," मी म्हणालो. "खाली खडू आहे. हे सगळे पंप तुमच्या टेकडीच्या पाठीत सुया टोचून बसलेत."

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली.

"अगं, हे खरं आहे!"

"दॅट्स द प्रॉब्लेम. नो वन कॅन टेल."

सासूबाई मागे खुदुखुदु हसत होत्या.

ऑस्टिन मागे टाकलं आणि रस्ता खरोखर चढायला लागला. मला भरून आलं. मी सासूबाईंना म्हणालो, "गुडघे काय म्हणतायत?" त्या म्हणाल्या, "गाडीत बसून त्यांना काही कळत नाही." मुलीने नकाशावर मी खूण केली होती त्या ठिकाणी गाडी वळवली आणि थांबवली. मी आणि सासूबाई उतरलो.

टेकडी होती. म्हणजे उंचवटा होता. त्याच्यावर एका ओळीत गाड्या धुण्याचं दुकान, नखं रंगवण्याचं दुकान, टाको खायची जागा, आणि बरोब्बर माथ्यावर, सर्वांत उंच जागी, काचेची भली मोठी इमारत. त्या इमारतीवर माणसाएवढा हसरा दात काढलेला.

दातांचा दवाखाना.

मुलीने स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि ती इतकी हसली, की हॉर्न वाजला. "काका इज ऑलरेडी हिअर!"

सासूबाईंनी दाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ढगांना डायव्हर्जन घ्यावं लागतं ती हीच का?"

मी खेळ सोडणारा माणूस नाही. "ही पुढची बाजू आहे हो. टेकडीची खरी बाजू मागे," असं म्हणून मी पार्किंगच्या मागे निघालो. मागे काय आहे हे मलाही माहीत नव्हतं. तिथे कुंपणाच्या पलीकडे पालिकेची पायवाट होती, ती झाडीतून खाली उतरत होती. खाली ओढा होता. आणि ओढ्याचा तळ, दोन्ही काठ, काठाचे पायऱ्यापायऱ्यांसारखे दगड, सगळं पांढरं.

मुलगीही मागोमाग उतरून आली. पाणी घोट्याएवढंच, काचेसारखं, त्या पांढऱ्या फरशीवरून पसरत चाललेलं. वर रस्त्यावरून ट्रक जात होते, गाड्या धुणारे ब्रश घरघरत होते, आणि इथे खाली, कोणीही न बघता, एका जुन्या समुद्राचा तळ उघडा पडला होता. मी एवढी वर्षं ज्याच्यात खोदत होतो, तो हा. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो शांत होता. आता तुम्ही म्हणाल, खडक शांतच असतो. असू दे. मला तसं वाटलं.

सासूबाईंनी बूट-मोजे काढले, काठावर बसल्या आणि दगडावर तळवा फिरवला. मग नख मारलं. "कडक आहे. तिकडचा मऊ."

"टेक्सासचा आहे. जिमला जातो," मी म्हणालो.

"गारगोट्या दिसत नाहीत कुठे."

"आमच्या खडूला गारगोट्यांची गरज पडत नाही."

"रंगही जरा पिवळट."

"ऊन लागलंय त्याला. तिकडे ऊन असतं का?"

भूगोलाच्या बाई अशा फसत नाहीत. त्यांनी नातीला हाक मारली, "बाळा, लिंबू आण गं." पोह्यांच्या डब्याबरोबरची फोड त्यांनी एका सुट्या दगडावर पिळली. एक क्षण काही झालं नाही. मग दगडावर बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. चुन्याच्या जातीचा दगड आंबटाला असा फसफसून उत्तर देतो. सासूबाईंनी दगड उचलून कानाला लावला.

"बोलतोय," त्या म्हणाल्या.

"आज्जी, लेट मी हिअर!" मुलीने दगड ओढून घेतला. मग आम्ही सगळी लिंबं त्या ओढ्याच्या काठावर संपवली आणि पोहे बिनलिंबाचे खाल्ले. तसे पोहे मी नंतर खाल्ले नाहीत. थोडे गार होते, हेही सांगून टाकतो.

खाऊन झाल्यावर सासूबाईंनी पाय पाण्यात सोडले. "एक गंमत सांगू का? हा खडू साचत होता तेव्हा आपला सह्याद्री नव्हताच. समुद्राचं हे सगळं पांढरं काम होत आलं, आणि मग आपल्याकडे लाव्हा वाहिला आणि काळा कातळ झाला. म्हणजे बघा, आधी खडू तयार झाला आणि नंतर फळा." त्यांना स्वतःलाच ते इतकं आवडलं, की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. "आधी खडू, मग फळा! हे मला शाळेत असताना सुचलं असतं तर वर्ग वेडा झाला असता."

तेवढ्यात फोन वाजला. साडू. व्हिडिओ कॉल. मुलीने आज्जीच्या हातात फोन दिला.

"आई, मिळाली का टेकडी?" साडूंच्या पाठीमागे त्यांची ती हिरवी टेकडी, मुद्दाम खिडकी उघडून बसलेले. "अहो, हे काय, पाणी दिसतंय. आई, हा नाला आहे!"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघत होतो. मग त्यांनी फोन त्या पांढऱ्या फरशीवर धरला आणि म्हणाल्या, "नाला कसला? ढग आहेत ते. आम्ही फार वर आलोय. खाली काहीच दिसत नाही बघा, सगळं पांढरं."

"ढग? आणि तो आवाज कसला येतोय?"

गाड्या धुण्याचे ब्रश होते ते.

"वारा," सासूबाई म्हणाल्या. "इथे वर फार वारा आहे. उंटसुद्धा थांबेना. ठेवते हां." आणि फोन ठेवला.

माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढी देखणी थाप मारलेली नाही. तीही बसल्या जागी, पाय पाण्यात सोडून. मला वाटलं, जिंकलो.

गाडीत बसल्यावर, हायवेला लागल्यावर, मी हळूच विषय काढला. "मग आई, पुढच्या वर्षीचं?"

"पुढच्या वर्षीचं काय? तुम्ही नापास झालात, जावईबापू."

"पण तुम्ही तर त्यांना सांगितलंत..."

"परक्या शाळेसमोर मी आपल्या मुलाचे मार्क कशाला सांगू? पण खडू आहे, टेकडी नाही. मी टेकडी मागितली होती. नापास म्हणजे नापास."

मी नकाशाची घडी घालून तो समोरच्या खणात टाकला. मुलीने तिरक्या नजरेने माझ्याकडे बघितलं. बाहेर पुन्हा ते पंप आले, मान खाली घालून वर काढणारे. चढउतार संपले. आमचा सपाट मुलूख सुरू झाला, आणि दूरवर कुठेच काही उंच दिसेना.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. "इंग्लंडवाले पास झाले. पास झालेली मुलं वरच्या वर्गात जातात, त्यांना माझी गरज नसते. नापास मुलाला त्याच वर्गात परत बसावं लागतं. आणि त्याच्यासाठी बाईंनाही परत यावं लागतं."

मी मागे वळलो. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"म्हणजे..."

"म्हणजे पुढच्या वर्षी याच वेळेला परीक्षा. तोवर अभ्यास करा. कुठेतरी असेल टेकडी, एवढं मोठं राज्य आहे. आणि नकाशा बघताना वरचंही बघत जा जरा."

"आणि पुढच्या वर्षीही नापास झालो तर?"

"मी तेहतीस वर्षं शिकवलंय. एकच मुलगा ओळीने कित्येक वर्षं त्याच वर्गात बसलेला मी पाहिलाय. मला तो आवडायचा."

मुलगी म्हणाली, "बाबा, डोन्ट स्टडी." मराठी शाळेत न जाता तिला सगळं बरोब्बर कळलं होतं.

सासूबाई साताऱ्याला परत जायच्या आदल्या सकाळी आम्ही पार्किंगच्या गच्चीवर गेलो. त्या दिवशी दाट धुकं पडलं होतं. छपरं, टाकी, सगळं गायब, आणि आमच्या कठड्याखाली नुसतं पांढरं. सासूबाईंनी पर्समधून तो लिंबू पिळलेला दगड काढला आणि कठड्याच्या सिमेंटवर काहीतरी लिहून बघितलं. पुसट, करडी रेघ उठली. मग त्यांनी फोन काढून त्या पांढऱ्याचा फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सुप्रभात. आज टेकडीवर. चढ अवघड आहे."

साडूंचं उत्तर लगेच आलं. "आई, केवढी उंची आहे हो ही?"

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "घ्या, तुम्हीच सांगा. नीट सांगा हां."

मी सांगायला लागलो.